सगळेच लॅमेक चावुला

लॅमेक चावुलांचा पहिला अपमान त्यांच्याच वेबसाइटनं केला, आणि तोही मंगळवारी सकाळी, चहाच्या आधी. चर्चच्या गायकमंडळाचं पान त्यांनी नेहमीसारखं उघडलं. रोज तिथं मोठ्या अक्षरांत 'या, चावुलासाहेब' असं यायचं. ते वाक्य त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं, तरी रोज वाचताना बरं वाटायचं. त्या दिवशी तिथं आलं, 'आपण कोण?'

एकोणीस वर्षं मंडळाचा सचिव असलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे फारच झालं. मलावीतल्या म्झुझू शहरात, भूमापन कचेरीत ते नकाशे काढायचे. त्या नकाशांवर सही असायची त्यांची. शहराच्या लुविंगा भागात कुणाचं कुंपण कुठं संपतं हे ते झोपेतही सांगू शकले असते. अशा माणसाला एक जुना कॉम्प्युटर विचारतो, आपण कोण. आणि तो कॉम्प्युटर पाद्रीबाबांच्या खोलीत, वेदीच्या जुन्या पडद्यांच्या ढिगाशेजारी, यांनीच बसवलेला.

वेबसाइट काढायचं कारण एवढंच की चर्चच्या दारावर लावलेल्या सूचना बकऱ्या खायच्या. सूचना खाल्ली गेली की तालमीला निम्मे लोक पाचला यायचे, निम्मे सहाला, आणि दोन्ही निम्मे सचिवाला बोलायचे. म्हणून चावुलांनी पन्नाशीत सहा आठवड्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग केला, तिसऱ्या क्रमांकानं उत्तीर्ण झाले (वर्गात सात जण होते, पण तो मुद्दा नाही) आणि पान तयार केलं. तालमीच्या वेळा, कोण कुठल्या ओळीत उभं राहणार, गणवेशाचा रंग, कोणतं भजन कोणत्या रविवारी, असं सगळं. बदल करायचा अधिकार फक्त सचिवाला. आता सचिवाला ओळखायचं कसं? गुप्त शब्द त्यांच्या लक्षात राहत नसत. चार शब्द करून पाहिले, चारही विसरले. शेवटी त्यांनी सोपी युक्ती केली. त्यांच्या घरच्या इंटरनेटला एक ठरलेला आकडेबंद पत्ता होता. त्या पत्त्यावरून जो येईल तो लॅमेक चावुला, असं त्यांनी सर्व्हरला, म्हणजे त्या जुन्या कॉम्प्युटरला, शिकवलं. दीड वर्ष ते बिनबोभाट चाललं.

मग चर्चच्या मुख्य कचेरीचं परिपत्रक आलं. यापुढे सर्व मंडळ्यांच्या वेबसाइट कचेरीतल्या एका मोठ्या यंत्राच्या मागं राहतील. पाहुणा आधी त्या यंत्राकडे येईल, आणि ते यंत्र त्याला ज्याच्या त्याच्या दारी पोचवेल. त्या यंत्राला प्रॉक्सी म्हणतात, असंही परिपत्रकात होतं, आणि खाली तीन सह्या होत्या.

त्या कामावर लुसुंगु हारावा नावाच्या बाई होत्या. वय तिशीच्या आतलं, आवाज एकदम थंड. चावुलांनी फोन केला की त्या आधी 'बोला काका' म्हणायच्या आणि मग शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. ही दुसरी सवय चावुलांच्या घरात कुणालाच नव्हती, त्यामुळे त्यांना त्या बाईंबद्दल आदर वाटू लागला होता.

जोडणी सोमवारी झाली आणि पान उघडेनासंच झालं. नुसतं गरगर फिरत राहायचं. लुसुंगुबाईंनी समजावलं ते असं. कुलूपबंद वाटेनं पाहुणा येतो तो आमच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या आत आम्ही कुलूप काढतो आणि त्याला साध्या वाटेनं तुमच्याकडे पाठवतो. तुमचा सर्व्हर बघतो, याला कुलूप नाही. म्हणतो, जा, कुलूपबंद वाटेनं या. तो परत आमच्याकडे येतो. आम्ही परत कुलूप काढतो.

"म्हणजे तो बिचारा दिवसभर फेऱ्याच मारतोय," चावुला म्हणाले.

"दिवसभर नाही काका. वीस फेऱ्यांनी ब्राउझर कंटाळतो."

उपाय सोपा होता. आलेल्या प्रत्येक पाहुण्याबद्दल सर्व्हर काही नोंदी धरून ठेवतो. कुठून आला, कुलूपबंद वाटेनं आला की उघड्या. या नोंदींना व्हेरिएबल म्हणतात. फाटकामुळे त्या नोंदी चुकीच्या पडत होत्या, म्हणून आतून त्यांच्यावर हातानं दुसरी नोंद चढवायची. कुलूप आहे का? या खान्यात सर्व्हर स्वतः काहीही म्हणो, आपण 'आहे' लिहायचं. चावुलांनी लिहिलं. पान झटकन उघडलं. त्यांनी पत्नीला, तिवोंगेला, बोलावून ते उघडताना तीनदा दाखवलं. तिवोंगे म्हणाली, कालपर्यंत पण उघडतच होतं की. बायकांना तांत्रिक गोष्टींचं कौतुक नसतं, असं चावुलांनी मनात म्हटलं. मनातच, कारण ती स्वतः शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची.

तर अशा विजयानंतर, मंगळवारी सकाळी, 'आपण कोण?'

लुसुंगुबाई म्हणाल्या, त्याचंही तेच आहे. आता सगळेच पाहुणे आमच्या फाटकातून येतात, तेव्हा तुमच्या सर्व्हरला सगळ्यांचा पत्ता आमच्या फाटकाचाच दिसतो. तुम्ही, पाद्रीबाबा आणि अमेरिकेतला कुणी, सगळे सारखेच. पण आमचं यंत्र प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी देतं, खरा पत्ता लिहून. ती चिठ्ठी वाचायची आणि पत्त्याच्या नोंदीवर चढवायची, की झालं.

मग चिठ्ठी वाचतो, चावुला म्हणाले. तसं नाही, बाई म्हणाल्या. चिठ्ठी कुणीही खोटी लिहील. ती खरोखर आमच्याच यंत्राकडून आली आहे हे तुमच्या सर्व्हरला आधी कळायला हवं, आणि आमच्या यंत्राचा आतला पत्ता फोनवर सांगायची परवानगी नाही. फॉर्म क्रमांक सात भरून पाठवा, मंडळीच्या शिक्क्यासह.

फॉर्म सातमध्ये यंत्राची जन्मतारीख विचारली होती. चावुलांनी अंदाजे दिली. 'यंत्र चर्चच्या कोणत्या बाजूस आहे' या प्रश्नासोबत त्यांनी एक छोटा नकाशा काढून जोडला, उत्तर दिशेच्या बाणासकट, प्रमाण एकास पन्नास. शिक्का मात्र कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली ज्येष्ठ सभासद कुमवेंडा यांच्या खिशात होती. कुमवेंडा पुतणीच्या लग्नाला करोंगाला गेले होते. खिशासकट. फॉर्म तसाच पाद्रीबाबांच्या टेबलावर राहिला.

कुंपणापलीकडे सिमकोंडा राहायचे. ते वीजखात्यातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांचा सल्ला फुकट झाला होता. ते कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, बंद करून चालू केलंत का? केलं. मग मीटर पाहा. याला मीटर नसतो, चावुला म्हणाले. सिमकोंडांना हे पटलं नाही. त्यांच्या मते जगात प्रत्येक गोष्टीला मीटर असतो, कुणी लपवून ठेवतो एवढंच. पण नंतर ते असं काही बोलून गेले की चावुलांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पुढचं सगळं त्या प्रकाशात घडलं.

"बाहेरून कळत नसेल ना, तर आतून सांगा त्याला," सिमकोंडा म्हणाले. "कालच नाही का कुलपाचं सांगितलंत?"

बरोबर होतं. कुलूप नसताना 'आहे' लिहिलं, तर सर्व्हरनं निमूट ऐकलं. मग पत्त्याच्या खान्यात चिठ्ठीची वाट कशाला बघायची? चावुलांनी आपला घरचा आकडेबंद पत्ता तिथं हातानं लिहिला. नुसतं तपासून बघायला. पान उघडलं. 'या, चावुलासाहेब.' प्रत्येक सूचनेशेजारी दुरुस्तीची छोटी पेन्सिल परत उगवली. चावुलांनी समाधानानं चहा घेतला, वर दोन मंदासी, म्हणजे पिठाचे तळलेले गोड गोळे, खाल्ल्या, आणि तपासणीचं ते वाक्य काढायचं राहूनच गेलं. भूमापन कचेरीची जीप घराच्या फाटकाशी हॉर्न वाजवत होती. रुम्फीच्या पलीकडे दोन गावांत एका ओढ्यावरून सीमेचा वाद होता, आणि तिथं तीन दिवस मोबाइलला रेंज नव्हती.

त्यांनी काय करून ठेवलं होतं, हे वाचकांच्या ध्यानात आलंच असेल. पत्त्याच्या खान्यात कायमचा त्यांचाच पत्ता. म्हणजे पान जो उघडेल तो, मग तो कुणीही आणि कुठूनही असो, सर्व्हरच्या लेखी लॅमेक चावुला, सचिव.

शुक्रवारी दुपारी जीपनं त्यांना बाजारापाशी सोडलं. मंदासी विकणाऱ्या बाई मंडळात बायकांच्या दुसऱ्या ओळीत गायच्या. त्यांनी चावुलांच्या हातात न मागता एक गरम मंदासी ठेवली. म्हणाल्या, तालीम साडेचारला घेतलीत ते फार चांगलं केलंत. चावुलांना वाटलं, बाई कुणा दुसऱ्याशी बोलतायत. पुढं शिंप्याच्या दुकानाजवळ मंडळातल्या एका टेनरनं, म्हणजे पुरुषांच्या वरच्या पट्टीत गाणाऱ्यानं, त्यांना पाहून तोंड फिरवलं. तो माणूस उभ्या जन्मात कुणावर रागावला नव्हता. घराजवळ सिमकोंडांनी कुंपणावरून हात लांब करून त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, मन मोठं लागतं हो.

घराच्या ओट्यावर शिंपीणबाई न्यागोंड्वे बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी आकाशी कापडाचा गठ्ठा होता. तो कापलेला होता, हे चावुलांनी लांबूनच पाहिलं. मंडळाचा गणवेश गेली तीस वर्षं गर्द लाल होता.

"आतापर्यंत चौतीस झगे कापले," न्यागोंड्वे म्हणाल्या. "तुमच्या सहीची सूचना होती म्हणून रात्रीचा दिवस केला. बाह्या लांब ठेवू का आखूड, तेवढं सांगा."

चावुला तसेच आत गेले आणि पान उघडलं.

आधी त्यांना वाटलं, चोर शिरले. पण हे चोर मोठे सभ्य होते. कुणी काही मोडलं नव्हतं. प्रत्येकानं पेन्सिल दिसली म्हणून आपल्यापुरतं, आवश्यक तेवढंच दुरुस्त केलं होतं. तालीम पाचची सहा झाली होती, सहाची साडेचार, आणि त्याखाली कुणीतरी नम्रपणे लिहिलं होतं, 'ज्यांना साडेचारला जमत नाही त्यांनी घरी सराव करावा.' गणवेश आकाशी. टेनर लोकांनी तालमीत भिंतीकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे बायकांचं लक्ष विचलित होणार नाही. एक शेळी हरवली आहे, डावा कान कापलेला. डुकराची तीन पिल्लं विकणे आहेत. मंदासीच्या पिठात केळं घालावं की नाही यावर नऊ सूचना, एकमेकींना खोडून काढणाऱ्या. आणि प्रत्येकीखाली, सर्व्हर स्वतःच घालायचा तशी, ठळक अक्षरांत सही: लॅमेक चावुला, सचिव.

डुकरांपर्यंत त्यांनी कसंबसं सहन केलं. सगळ्यात वर, बुधवारच्या तारखेचं, एक निवेदन होतं. ते त्यांनी उभ्यानं वाचायला घेतलं आणि बसून संपवलं.

'मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेत श्री. योताम म्सिस्का यांचं नाव माझ्या हातून राहून गेलं. श्री. म्सिस्का हे उत्तर मलावीतले सर्वोत्तम खर्जाचे गायक असून त्यांच्याशिवाय मंडळ म्हणजे बिनपायाचं घर आहे. मी त्यांची मनापासून क्षमा मागतो.'

योताम म्सिस्का आणि लॅमेक चावुला एकाच गावचे, एकाच शाळेचे. वसतिगृहात एका ताटात मक्याच्या पिठाचा सिमा आणि उसिपाची सुकी मासळी खाल्लेले. चावुलांच्या लग्नात योताम त्यांच्या शेजारी उभा होता. आणि गेली तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पुस्तिकेत बेचाळीस गायकांऐवजी एक्केचाळीस नावं छापून आली, ती चूक छापखान्याची, असं चावुलांनी सगळ्यांना सांगितलं होतं. त्यानंतर योतामनं गाणं सोडलं. सकाळच्या प्रार्थनेऐवजी तो दुपारच्या प्रार्थनेला जायला लागला, शेवटच्या बाकावर बसायला लागला. तीन वर्षं मंडळात खर्ज म्हणून जे काही चाललं होतं त्याला लोक सौजन्यानं खर्ज म्हणत.

तिवोंगे दारात उभी होती.

"तू लिहिलंस?" चावुलांनी विचारलं.

"मी लिहिलं असतं तर एवढी स्तुती केली नसती," ती म्हणाली. "आणि आता पुसू नका. दोनशे माणसांनी वाचलंय."

चावुलांनी लुसुंगुबाईंना फोन लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कोणी काय लिहिलं ते शोधता येईल का? नाही काका, त्या म्हणाल्या, तुमच्या नोंदीत सगळं तुम्हीच लिहिलंय. मग म्हणाल्या की फॉर्म सात पोचला आहे. कुमवेंडाकाका लग्नाहून लवकर परतले आणि त्यांनीच शिक्का दोनदा मारून तो पाठवलाय. यंत्राचा आतला पत्ता आज संध्याकाळी पत्रानं येईल. नकाशा छान होता, असंही म्हणाल्या. आठवड्यातला तो पहिला चांगला शब्द.

पत्र आलं. शनिवारी सकाळी चावुला ते समोर ठेवून बसले. आता हातानं लिहिलेला पत्ता पुसायचा, चिठ्ठीची नोंद चढवायची, आणि मग सगळ्या सूचना एकेक करून काढायच्या. एक खुलासाही त्यांनी तयार केला होता. त्यात 'तांत्रिक कारणास्तव' हा शब्दप्रयोग चार वेळा होता. 'सबब, बुधवारचं निवेदनही रद्द समजावं' हे वाक्य त्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात योताम. काखेत केळीचा घड, अंगात रविवारचा कोट. तीन वर्षांत केस बरेच पांढरे झाले होते. लांबून ते दिसले नव्हते.

तिवोंगेनं खुर्ची पुढं केली, केळी घेतली आणि चहा करायला गेली. चहाला तिनं त्या दिवशी भलताच वेळ लावला.

"वाचलं मी," योताम म्हणाला.

चावुलांनी घसा खाकरला. त्यांनी प्रॉक्सीपासून सुरुवात केली. फाटक, कुलूप, चिठ्ठी, नोंद, तिच्यावर चढवलेली नोंद. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की योताम अजिबात चकित होत नाहीये.

"म्हणजे ते मी लिहिलेलं नाही," चावुला शेवटी म्हणाले. "कुणीतरी माझ्या नावानं लिहिलंय."

"माहीत आहे," योताम म्हणाला. "मीच लिहिलं."

चावुलांनी खुलाशाचा कागद उलटा करून ठेवला.

"तालीम किती वाजता ते बघायला उघडलं होतं," योताम म्हणाला. "बाहेर भिंतीला टेकून ऐकायला येतो मी कधी कधी. तर मला म्हणतं, या चावुलासाहेब. शेजारी पेन्सिल. तीन वर्षं वाट पाहिली लॅमेक. म्हटलं, तुझ्याच्यानं काही हे व्हायचं नाही, आपणच उरकून टाकू."

"उत्तर मलावीतले सर्वोत्तम?"

"लिहायला बसलोच होतो, तर कंजूषपणा कशाला?"

चावुलांना हसू आलं, आणि ते येतंय हे त्यांना आवडलं नाही. ते कॉम्प्युटरकडे वळले. योताम खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. पडद्यावर ते निवेदन होतं, खाली त्यांची सही, शेजारी पेन्सिल. दोनशे माणसांनी वाचलेलं. खुलासा दुसऱ्या कागदावर तयार होता.

पुस्तिकेच्या आधीच्या महिन्यात भर तालमीत योतामनं त्यांना सांगितलं होतं की लॅमेक, वरच्या पट्टीत तू गाऊ नकोस, भजनाला त्रास होतो. सगळे हसले होते. तिवोंगेही. छापखान्याला यादी द्यायच्या दिवशी चावुलांनी ती घरी, याच टेबलावर, स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून काढली होती. एक्केचाळीस नावं. नकाशे काढणारा माणूस मोजण्यात चुकत नाही.

त्यांनी पेन्सिल दाबली. 'माझ्या हातून राहून गेलं' या शब्दांवर ते बराच वेळ थांबले. मग ते खोडून त्यांनी लिहिलं, 'मी मुद्दाम वगळलं. छापखान्याची काही चूक नव्हती.'

बाहेर सिमकोंडा कुणाला तरी मीटरबद्दल सांगत होते.

"हे मला ठाऊक होतं," योताम म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. छापखान्यात गेलो होतो भांडायला. त्यांनी तुझी यादी काढून दाखवली."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझं अक्षर शाळेपासून ओळखतोय." योतामनं पडद्याकडे मान वळवली. "सर्वोत्तम राहू देणार का?"

"उत्तर मलावी फार मोठा आहे," चावुला म्हणाले. "म्झुझू करतो."

"लुविंगासकट?"

"लुविंगासकट."

त्यांनी म्झुझू केलं आणि ते जपून ठेवलं. मग लुसुंगुबाईंचं पत्र उघडून आकडे दोनदा वाचून घातले, हातानं लिहिलेला पत्ता पुसला आणि चिठ्ठीची नोंद चढवली. योतामनं स्वतःच्या फोनवर पान परत उघडलं. फोन त्यानं लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला.

"आता विचारतंय, आपण कोण."

"नाव लिही," चावुला म्हणाले. "त्याखाली खाना आहे. कुठल्या ओळीत गाता, तेही विचारेल."

योताम एका बोटानं अक्षरं शोधत शोधत लिहायला लागला. स्वयंपाकघरातून चहा आला, केळी आली. तालीम साडेचारला होती, कारण तेवढी सूचना काढायला चावुला विसरले, आणि झगे आकाशीच शिवले गेले.